आईच्या नावाने सोडलेले मासे

अक्का,

भेटायला माणसं अजून येतात. चहा घेतात, तुझ्या फोटोकडे बघतात, आणि थोड्या वेळाने बोलणं पाण्यावर येतं. परवा जांब्याचे पाहुणे आले होते. त्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं, "तळ्यातले किडे बघत बसायच्या त्याच ना?" मी म्हणालो, किडे नव्हेत ते. मग काय, असं त्याने साधेपणाने विचारलं. सांगता येत नव्हतं असं नाही. पण सांगायला सुरुवात केली असती तर तळ्यावर जावं लागलं असतं, आणि तळ्यावर गेलो की मग माझ्यावर यावं लागलं असतं. "कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची ती," एवढं म्हणून मी खारीची बशी पुढे केली.

थकलोय मी. रडून नव्हे, रडलो तसा फारसा नाहीच. उत्तरं देऊन थकलोय. कशाने गेल्या, त्रास फार झाला का, त्यांची मुलगी परत कधी जाणार. ही उत्तरं आता पाठ झाली आहेत. जे कुणी विचारत नाही ते तुलाच सांगायचं आहे, कारण त्यातलं अर्धं तुला माहीत आहे आणि उरलेलं तू गेल्यावर घडलं.

दाजी गेल्यावर तू सूसचा फ्लॅट भाड्याने देऊन माहेरी आलीस आणि वरची खोली मागितलीस. त्या खोलीत हिंजवडीला कामाला जाणारी पोरं राहायची. त्यांना काढायचं म्हणून मी कुरकुरलो, तर म्हणालीस, "मला बी भाडेकरू समज की. नळ गळला तर खाली येऊन भांडंन." आणि खरंच भांडायला यायचीस. कॉलेजात तू शुद्ध बोलायचीस, फोनवर जावयाशीही शुद्ध, पण घराचा उंबरा ओलांडला की आईची भाषा तोंडात यायची. माझ्या मुलांना त्याची लाज वाटायची. मला बरं वाटायचं. हे तुला कधी सांगितलं नाही.

तू आलीस त्याच आठवड्यात मला देवीच्या तळ्यावर घेऊन गेलीस. सूर्य नुकता डोंगरावर आला होता. पायरीवर बसून काचेच्या ग्लासात पाणी घेतलंस आणि उजेडासमोर धरलंस. मला काहीच दिसेना. "डोळं बारीक कर," म्हणालीस. मग दिसलं. पांढुरके कण, पण कणांसारखे नव्हेत, कारण ते झटके देत वर चढत होते आणि थोडं खाली घसरून पुन्हा वर चढत होते. "ही पाणपिसू," तू म्हणालीस. "पुस्तकात ह्यांच्या सगळ्या जातीला मिळून प्राणिप्लवक म्हणत्यात. पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव. तू गुरं म्हण."

घरी येऊन सूक्ष्मदर्शकातून दाखवलंस. काचेसारखं अंग, आत हृदय धडधडतंय, पाठीमागच्या पिशवीत अंडी, आणि मधून जाणारी एक हिरवी रेघ. मी विचारलं, ही रेघ कसली? "आतडं. चरून आलीया. पाण्यातलं बारीक शेवाळ हेच खात्यात. आपण म्हणतो, तळं निवळ हाय. तळं आपसूक निवळ ऱ्हात न्हाई, दिन्या. ह्यांनी दिवसरात चरून ठेवलेलं असतं ते." मग तू बराच वेळ बोललीस. यांना बारीक मासे खातात, चतुराच्या पाण्यातल्या अळ्या खातात, त्यांना मोठे खातात, आणि पायरीवर बसणारा खंड्या शेवटी यांच्याच जिवावर जगतो. यांची विष्ठा तळाशी जाते, कुजते आणि पुन्हा शेवाळाचं खत होते. माथ्यावर ऊन आलं की उजेडाला आणि माशाला भिऊन ही खाली जातात, तिन्हीसांजेला वर येतात. म्हणून तू कायम पहाट उजाडताना जाळी ओढायला जायचीस. भर दुपारी वरचं पाणी बाटलीत भरून, तळ्यात काही नाही, असं लिहून जाणाऱ्या एका तपासनिसाची तू नक्कल करायचीस, त्यावर माझी मंगल हसून बेजार व्हायची.

मंगल तुझ्यावर चिडायची ती फक्त साखरेवरून. तुझे नमुने टिकवायच्या बाटल्यांत फॉर्मालिन असायचं आणि त्यात तू स्वयंपाकघरातली साखर घालायचीस. एकदा तिने विचारलंच, "वन्सं, मेलेल्या किड्यांना गोडधोड कशाला?" तू म्हणालीस, "नुसतं औषध लागलं की ही फुगत्यात गं, आन् पाठीवरची अंडी सांडत्यात. साखर असली की अंडी जागच्या जागी ऱ्हात्यात. किती व्यायच्या होत्या ते कळायला नको का?" मंगल त्यानंतर कधी काही बोलली नाही. साखर संपत आली की डबा तीच वर नेऊन ठेवायची.

आता माशांचं.

आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाला तू इथे नव्हतीस. लेकीच्या बाळंतपणाला गेली होतीस. मला आईसाठी काहीतरी करायचं होतं, आणि खरं सांगायचं तर लोकांना दिसेल असं करायचं होतं. आपण माणकडची जमीन विकली तेव्हा आईने तोंड उघडलं नव्हतं, पण जेवणही सोडलं होतं. ते माझ्या मनात राहिलं होतं. देवस्थानचा विश्वस्त झालो होतो. कुणीतरी म्हणालं, तळ्यात मासे सोडा, तळं जिवंत वाटतं. मत्स्यबीज विकणाऱ्या माणसाने सांगितलं, चिलापी न्या, कसल्याही पाण्यात जगते, मरायचं नाव घेत नाही. पूजा झाली, पिशव्या उघडल्या, पिल्लं पाण्यात गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पायऱ्यांच्या वर आईच्या नावाची पाटी लावली. मी तिच्याखाली उभा राहून फोटो काढून घेतला आणि तुला पाठवला. तुझं उत्तर आलं नाही. मला वाटलं, बाळाच्या गडबडीत असेल.

परत आलीस, जेवायला बसलीस आणि विचारलंस, "कुटलं मासं?"

"चिलापी."

तू ताट बाजूला सारलंस. "त्यात आपल्या मळ्या व्हत्या, बारकं मासं. चांगलं चाललं व्हतं त्यांचं."

"त्या दिसत नव्हत्या कुणाला."

"व्हय, ते बी खरंच." मग म्हणालीस, "आईला माशाचा वास चालत नव्हता, दिन्या. पदर लावायची नाकाला. तिच्या नावानं तुला मासंच सापडलं?"

मी जे बोललो ते तुला आठवत असेल. मला तर रोज आठवतं. मी म्हणालो, तुला कशातही किडेच दिसतात, आईतसुद्धा. तू ताट उचलून आत गेलीस. पुढे कितीतरी दिवस आपण फक्त नळ, गॅस आणि वीजबिल एवढ्यावरच बोललो.

चरणारं कुणी नसलं की तळं निवळ राहत नाही, हे तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. तसंच झालं, फक्त मी मानायला वेळ लावला. मासे वाढले. शनिवार-रविवारी हिंजवडीकडून, सूसकडून गाड्या यायला लागल्या. पोरं पाव टाकायची, आयाबाया कणकेच्या गोळ्या टाकायच्या, मासे पायरीपर्यंत यायचे, लोक मोबाइल काढायचे. मी कधी तिथे उभा असलो तर कुणी म्हणायचं, तुमच्या आईच्या नावाचे ना? मी मान हलवायचो. मग एका उन्हाळ्यात पाणी हिरवं झालं आणि पावसात निवळलं. पुढच्या वर्षी थंडीतच हिरवं झालं आणि निवळलंच नाही. वास यायला लागला. म्हशी तोंड लावेनात. देवीच्या अंघोळीचं पाणी कायम तळ्यातून जायचं, ते पुजाऱ्याने बंद केलं आणि देवीला जारच्या पाण्याने अंघोळ सुरू झाली. आम्ही विश्वस्तांनी ठराव केला की वरच्या सोसायट्यांचं सांडपाणी ओढ्याने येतं, त्याचा हा परिणाम आहे. मला तो ठराव फार आवडला होता. त्यात माझं नाव नव्हतं.

तुला वाचून दाखवला. तू म्हणालीस, "सांडपाणी येतंय, खोटं न्हाई. त्यानं शेवाळ वाढणारच. पण ते चरायला कोण ठेवलंय आपण?" आणि मला वर नेलंस. मासे सोडायच्या आधीच्या बाटलीतला थेंब दाखवलास, मग त्या आठवड्यातला. आधीच्यात मोठ्या पाणपिसवा होत्या, अंडी पाठीवर घेतलेल्या. नव्यात एकही नाही. तोंडाशी चाक फिरल्यासारखं दिसणारे अगदी बारके जीव तेवढे होते. "माशाला मोठं आधी दिसतं," तू म्हणालीस, "म्हणून मोठं आधी संपतं. हे बारकं कितीसं चरणार?" तुझ्या आवाजात राग नव्हता. एखाद्याच्या घरी कुणी गेलं की आपण बोलतो तसं बोलत होतीस. त्या दिवशी मला पटलं. हे तुला सांगायला हवं होतं की मला त्या दिवशीच पटलं होतं. पुढे जे केलं ते न कळल्यामुळे केलं नाही.

कारण मासे काढायचे कसे, हा प्रश्न होता. देवीच्या तळ्यात पडलं ते देवीचं. तिथे गळ टाकलेला माणूस आपल्या गावात कुणी पाहिलेला नाही. पाय घसरून कुणाची टोपली पाण्यात पडली तर आतली भाजीसुद्धा लोक परत काढत नाहीत. मी सोडलेले मासे पिशवीतून बाहेर पडल्या क्षणी माझे राहिले नव्हते. त्यावर बोलायचं तर जत्रेआधीच्या बैठकीत, आणि तिथे लग्न करून दिलेल्या लेकीने बोलायचं नसतं. तिने यायचं, ओटी भरायची, प्रसाद घेऊन जायचं. असं कुठे लिहिलेलं नाही, पण आहे. म्हणून तू मला तयार केलंस. काय सांगायचं, कुणी काय विचारेल, सगळं. म्हणालीस, "गाळाला हात लावू द्यायचा न्हाई, हे आधी सांग. तळं आटलं तरी ह्यांची अंडी गाळात वर्सानुवर्सं निजून ऱ्हात्यात. पाणी आलं की उठत्यात. फक्त मासं न्हाई पायजेत."

बैठकीत तळ्याचा विषय आला, सांडपाण्यावर बोलणं झालं, आणि मी उठलो नाही. तू बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसली होतीस. माझ्याकडे बघितलंस. मी मोबाइल काढला. मग तूच उभी राहिलीस.

"उन्हाळ्यात तळं उपसू आन् चिलापी काढू. सगळी," तू म्हणालीस.

विश्वस्तांच्या रांगेत सोपान पुढेच बसला होता. "अक्का, मासं देवीचं हायेत."

"दिन्यानं सोडल्यात. देवीनं मागितलं नव्हतं."

लोक हसले. सोपान नाही. "हात लावला तर पाप लागंल."

"जत्रेला बोकड पडतो तवा कुटं जातं पाप?"

"बोकड आमी देवीला देतो. मासा देवीचाच हाय. फरक हाय त्यात."

"मग निवद म्हणून द्या की मासा बी. चव तरी कळंल तिला."

यावर मागची पोरं मोठ्याने हसली आणि तिथेच बिघडलं. तात्या, आपले अध्यक्ष, कधी आवाज चढवत नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "अक्का, तुमी पाव्हण्या. ओटी भरा, परसाद घ्या. तळ्याचं आमी बगतो." मग माझ्याकडे वळले. "दिनकर, तुज्या आईच्या नावाचं मासं. तू बोल."

सगळं मला येत होतं. गाळ, अंडी, पाणपिसवा. मी म्हणालो, "पावसाळा होऊ द्या. मग बघू."

घरी येताना तू माझ्यापुढे चालत होतीस. मला वाटलं दारात थांबशील आणि बोलशील. जिन्याशी आल्यावर एवढंच म्हणालीस, "मी तितं परकी हाय रे. तू न्हाईस." आणि वर गेलीस. दुसऱ्या दिवशी पहाटे जाळी घेऊन तळ्यावर गेलीस. तू हिरव्या पाण्यातून रोजच्यासारखी जाळी ओढत होतीस, ते मी गच्चीवरून पाहिलं. कुणासाठी करत होतीस, मला कळत नव्हतं.

पावसाळा झाला. मी काही बघितलं नाही.

मग हॉस्पिटल. मी रोज येऊन तुझ्या पायाशी बसायचो आणि वाट बघायचो की तू तळ्याचं काढशील. रागावशील, टोमणा मारशील. तू विचारलंस, दुसऱ्या मजल्यावरचा नळ बदलला का. परत एकदा विचारलंस, मंगलचा गुडघा कसा आहे. तळ्याचं नाव घेतलं नाहीस. हे तू मला वाचवायला केलंस की माझी आशाच सोडली होतीस, याचा विचार मी अजून करतो आणि दोन्हीकडून हरतो. एकदा मीच म्हणालो, "अक्का, तळ्याचं करतो मी काहीतरी." तू माझ्या हातावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "जेवलास का?"

तुझा दहावा तळ्यावर केला. तुझ्या लेकीची इच्छा होती. न्हाव्याने माझं डोकं केलं, मी ओल्या पंच्यात पायरीवर बसलो. गुरुजींनी तांब्या बुडवला, वर काढला, आत बघितलं आणि पाणी परत ओतून दिलं. "हे चालायचं नाही," म्हणाले. "चांगलं पाणी आहे का कुणाकडे?" आपल्या भाडेकरूंच्या मजल्यावरून जार आणला. हिंदीत बोलणारा तो उंच पोरगा स्वतः खांद्यावर घेऊन आला आणि चप्पल काढून बाजूला उभा राहिला. जारच्या पाण्याने तुझं तर्पण झालं. समोर एवढं तळं भरलेलं.

विधी संपल्यावर लोक निघायला लागले आणि मी तिथेच, अंगावर कोरडं घालायच्या आधी बोललो. ठरवून नव्हे. आवाजही नीट निघत नव्हता. म्हणालो, "तात्या, मासे काढायचे आहेत."

तात्यांना वाटलं, दुःखात बोलतोय. "बसू एकदा, दिनकर. आज नगं."

"बसून झालंय. बैठकीत ती बोलली ते सगळं मला माहीत होतं. मी उठलो नाही."

सोपान म्हणाला, आणि हे सांगायला हवं, तो टोचून बोलला नाही, "काढायचं तर काढू. पण मारायचं न्हाई. धरणात न्हेऊन सोडू. पाप बी न्हाई आन् तळं बी मोकळं."

बऱ्याच जणांनी माना हलवल्या. सोपं होतं. मलाही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग डोळ्यांसमोर आली ती पिशव्या उघडतानाची टाळी. मी म्हणालो, "नाही. तिथेही ते पाण्यातले बारीक जीव संपवणार. आपल्या दारातलं उचलून दुसऱ्याच्या दारात टाकायचं नाही."

"धरणात चिलापी हायतीच की."

"असू दे. आपण आणखी नाही टाकायची."

"मग मारायचं? देवीचं मासं?" तात्यांनी विचारलं. "पाप कुणाच्या माथी, दिनकर?"

"माझ्या. सोडले मी, काढतो मी."

"आईच्या नावाचं हायेत."

"व्हय," मी म्हणालो. बऱ्याच वर्षांनी माझ्या तोंडून तो शब्द निघाला.

तात्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. म्हणाले, "अक्का असती तर आता काय म्हणाली असती?"

सोपानच बोलला. "म्हणाली असती, लई लवकर सुचलं."

तेव्हा काही जण हसले. मी पण. तुझ्या दहाव्याला, अक्का. तुझी लेक माझ्याकडे बघतच राहिली.

काल काढले. पंप लावून पाणी कमी केलं होतं. माझ्याशिवाय गावातलं कुणी पाण्यात उतरणार नव्हतं, ते आधीच ठरलं होतं. डोंगरकडेच्या वाडीवरून माणसं बोलावली, जाळी त्यांचीच. गाव पायऱ्यांवर बसलं होतं, जत्रेला बसतं तसं. एकाने मात्र ट्रॅक्टर आणला होता. इतका चांगला गाळ उघडा पडतोय, सोसायटीच्या बागेला चार ट्रॉल्या नेतो म्हणाला. मी आडवा आलो. त्याने विचारलं, काय पुरलंय त्यात? मी सांगितलं. अंडी आहेत, निजलेली आहेत, पाण्याची वाट बघतायत. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि ट्रॅक्टर वळवून गेला. मी वेडा झालोय असं गावात पसरलं असेल आता. पण बघ, पहिल्यांदा मी ते कुणालातरी सांगितलं आणि माझी जीभ अडली नाही.

जाळी ओढली की चिलापी चिखलात उड्या मारायची. मी गुडघाभर चिखलात उभा राहून टोपल्या भरून देत होतो. वाडीवरची हिराबाई माझ्या शेजारी होती. वयस्कर, बोलणं थोडं. तिने एक मोठी मादी उचलली आणि मला म्हणाली, "तोंड बघा, बाबा." अंगठ्याने जबडा उघडला. आत पिल्लं होती. तोंड भरून. धोका दिसला की ही आई पिल्लांना तोंडात घेते, हे तू मला सांगितलं नव्हतंस, किंवा सांगितलं असशील आणि मी ऐकलं नसेल. काही पिल्लं हिराबाईच्या बोटांवरून चिखलाच्या पाण्यात पडली आणि पुन्हा त्या तोंडाकडे जायला लागली.

ती थांबली होती. मी काय सांगतो त्याची वाट बघत. पायऱ्यांवरची माणसंही बघत होती, त्यांना दिसत नव्हतं पण थांबलेलं कळत होतं. पाटी माझ्या पाठीमागे होती. मला वळून बघायचं नव्हतं. त्या क्षणी तू असतीस तर मी तुला विचारलं असतं आणि तू सांगितलं असतंस आणि मग ते तुझं झालं असतं. तसं झालं नाही. मी म्हणालो, "टोपलीत टाका." तिने टाकलं. पडलेली पिल्लं मी ओंजळीने गोळा केली आणि तीही टाकली. हिराबाईने दुसरीकडे तोंड फिरवलं.

सगळे निघाले का, मला माहीत नाही. कुठेतरी खड्ड्यात एखादी राहिली असेल. अजून पाणी काढावं लागेल, तळ उन्हात तापू द्यावा लागेल, आणि तरी ओढ्याचं सांडपाणी आहेच, त्यासाठी सोसायट्यांच्या दारात जाऊन भांडावं लागेल. पाणी कधी निवळेल ते तू सांगू शकली असतीस. मला सूक्ष्मदर्शक नीट लावता येत नाही. मी इतका दमलो आहे की यातलं काही होईल याची खात्री मी तुला देत नाही.

दुपारी टोपल्या वाडीकडे न्यायच्या होत्या. मासे त्यांना द्यायचे हे बोलणं झालेलं होतं. पण कुणी टोपल्या उचलेना. त्यांच्यातला एक तरुण हिराबाईशी हळू आवाजात बोलत होता. मग ती माझ्याकडे आली. म्हणाली, "गावातलं कुणी ह्याला शिवना. आमाला देताय. शापबीप न्हाई ना ह्याला?"

मी म्हणालो, "असला तर माझ्यावर आहे."

ती म्हणाली, "असं तोंडानं म्हणत्यात समदीच."

तिचं बरोबर होतं. गावाने ज्याला हात लावला नाही ते आम्ही त्यांच्या पोरांच्या ताटात टाकत होतो आणि वर उपकार समजत होतो. मी विचारलं, मग काय करू. त्या तरुणाने वडाखाली तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या आणि दोन मासे चिरून विस्तवावर टाकले. जळक्या शेवाळाचा वास सुटला. गाव पायऱ्यांवर तसंच बसलेलं. तात्या काठी धरून उभे राहिले, पण थांबवलं नाही त्यांनी. सोपानने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

हिराबाईने पळसाच्या पानावर मासा माझ्या पुढ्यात ठेवला. मीठ नव्हतं, तिखट नव्हतं. मी देवळाकडे तोंड करून बसलो होतो, ते मुद्दाम नव्हतं, पण बदललंही नाही. आईचं नाव मनात आलं, ते मी येऊ दिलं. मांस चिखलाच्या चवीचं होतं. काटे फार. मी हळूहळू, एकेक काटा काढून खाल्लं, आणि पान रिकामं झालं तेव्हा सगळी माणसं माझ्याकडेच बघत होती.

"अजून एक द्या," मी म्हणालो. तेव्हा कुठे हिराबाई माझ्यासमोर खाली बसली आणि तिने पोरांना हाक मारली.